पेशींना वाट दाखविणारा सांगाडा

१९५० च्या दशकात अमेरिकेतील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठातील डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून एक छोटी चित्रफीत घेतली. तीत रक्तातील एक पांढरी पेशी तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढत जिवाणूचा पाठलाग करते, तो वळला की आपणही वळते आणि अखेर त्याला गिळते. या पेशीला ना डोळे, ना पाय. मग ती वळते कशी?

याचे उत्तर पेशीच्या सांगाड्यात आहे. सांगाडा हा शब्द तसा फसवाच. हाडांचा सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो, हा मात्र सतत मोडतो व पुन्हा उभा राहतो. त्यातील अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे असतात. जिवाणूकडून येणारे रसायन ज्या बाजूला अधिक, त्या बाजूचे ग्राहक रेणू अधिक उद्दीपित होतात. तेथे 'आर्प २/३' हा प्रथिनसमूह जुन्या तंतूंना नव्या फांद्या फोडतो आणि वाढते तंतू पेशीपटलाला पुढे रेटतात. मागच्या बाजूला मायोसिन हे प्रथिन तंतू खेचून पेशीची शेपटी आखडून घेते. रसायनाचा उगम सरकला, की तंतूंची वाढ दुसऱ्या कडेला सुरू होते आणि पेशी वळते.

सांगाड्यातील सूक्ष्मनलिकांचे काम वेगळे. १९७० मध्ये मॉस्कोतील वासिलिएव्ह, गेलफांद (विख्यात गणितज्ञ ते हेच) व सहकाऱ्यांनी संयोजी ऊतीच्या पेशींमधील या नलिका कोल्सेमिड वापरून मोडल्या. पेशींच्या कडांची हालचाल थांबली नाही, पण ती चोहोबाजूंनी होऊ लागली. एका दिशेने जाणे संपले. कोल्सेमिड हे कोल्चिसिनचे भावंड, आणि कोल्चिसिन सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असते. सर्वच पेशींना नलिका लागतात असे मात्र नाही. माशाच्या खवल्यांवरील पेशींचे केंद्रक व नलिका नसलेले तुकडे, एकदा ढकलले की, आपणहून पुढे सरकत राहतात, हे १९९९ मध्ये दिसून आले.

ही यंत्रणा बिघडली तर काय होते, हे विस्कॉट-ऑल्ड्रिच या आनुवंशिक रोगात दिसते. आर्प २/३ ला चालना देणाऱ्या प्रथिनाचे जनुक त्यात सदोष असते. ते १९९४ मध्ये सापडले. रोग प्रामुख्याने मुलग्यांना होतो. रक्तस्राव व इसब यांच्या जोडीला वारंवार जंतुसंसर्ग होतो, कारण पांढऱ्या पेशी रासायनिक हाकेला नीट ओ देऊ शकत नाहीत. निरोगी दात्याकडील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण हा त्यावरील प्रमुख उपचार आहे.