बिल्ला कोणाच्या हातात? : कुकी आणि तिच्या सेटिंगचा इतिहास

नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दर्शनाला जाताना आपण आपले जोडे जोडाघरात ठेवतो. तिथला सेवेकरी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. जोडे खणात ठेवतो आणि खणाचा क्रमांक असलेला बिल्ला आपल्या हातावर ठेवतो. परत येऊन बिल्ला दाखवला की आपले जोडे समोर येतात. एवढी माणसे येतात-जातात, पण सेवेकऱ्याला एकाचाही चेहरा लक्षात ठेवावा लागत नाही. ओळख पटवण्याचे काम बिल्ला करतो आणि तो असतो आपल्या खिशात.

संगणकावर किंवा मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडले की ‘कुकीज स्वीकारा’ अशी पट्टी अनेकदा समोर येते. ही कुकी म्हणजे असाच एक बिल्ला आहे. शिक्षकांशी बोलताना आम्हाला तिच्याबद्दल नेहमी दोन प्रश्न ऐकू येतात : हा व्हायरस आहे का? आणि ‘स्वीकारा’ म्हणायचे की ‘नाकारा’? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. कुकी हा प्रोग्रॅम नव्हे, ती मजकुराची एक छोटी चिठ्ठी आहे. तिची लांबी साधारणपणे ४०९६ बाइटच्या आत असते आणि ती स्वतःहून काही करू शकत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर तीस वर्षे मागे जावे लागते.

विसराळू सर्व्हर

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात वेब उभे केले. शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे वाचता यावीत हा त्यामागचा हेतू होता. वाचकाच्या संगणकावरचा ब्राउझर पान मागतो, दूरचा सर्व्हर ते पाठवतो आणि व्यवहार संपतो. दुसऱ्या क्षणी तुम्ही दुसरे पान मागितले तरी मघाचेच तुम्ही आहात हे सर्व्हरला ठाऊक नसते. टिपणे वाचण्यासाठी हे पुरेसे होते. दुकानासाठी मात्र नव्हते. तुम्ही पिशवीत पुस्तक टाकले, पुढच्या कपाटाकडे वळलात आणि दुकानदार तुम्हाला विसरला, तर खरेदी होणार कशी?

१९९४ साली हा प्रश्न कॅलिफोर्नियातील एका नव्या कंपनीपुढे आला. पुढे ती नेटस्केप या नावाने ओळखली गेली. एमसीआय या दूरसंचार कंपनीला वेबवर दुकान चालवायचे होते, पण ग्राहकांची अर्धवट खरेदी आपल्या सर्व्हरवर सांभाळून ठेवायची नव्हती. नेटस्केपमधील अभियंता लू माँटुली यांनी जून १९९४ मध्ये त्यावर तोडगा काढला.

एक उपाय अगदी सोपा होता : प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो प्रत्येक संकेतस्थळाला दाखवायचा. माँटुली यांनी तो नाकारला. तसे केले तर माणूस कुठेही गेला तरी त्याचा माग काढता आला असता. त्याऐवजी त्यांनी ठरवले की प्रत्येक सर्व्हरने आपापला बिल्ला द्यावा, तो वाचकाच्या संगणकावर राहावा आणि ज्याने दिला त्यालाच तो परत दाखवला जावा. युनिक्सवर काम करणारे प्रोग्रॅमर अशा चिठ्ठीला ‘मॅजिक कुकी’ म्हणत, तेच नाव पुढे रूढ झाले. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपचा पहिला ब्राउझर लोकांच्या हाती आला, तेव्हा कुकीची सोय त्यात होती.

त्याआधी महिनाभर, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले होते. आपल्या भागातले विद्यापीठ आणि कुकी हे जवळजवळ एकाच वयाचे आहेत. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही आधी मोठ्या शहरांत. म्हणजे आपण वेबवर पोचलो तेव्हा कुकी तिथे आधीपासूनच हजर होती.

तिसऱ्याचा बिल्ला

‘ज्याने दिला त्यालाच परत’ हा नियम चांगला होता, पण त्यात एक फट राहिली. लातूरच्या गंजगोलाईचे उदाहरण घेऊ. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात. समजा, त्या रस्त्यांवरच्या प्रत्येक दुकानात एकाच जाहिरात कंपनीचा माणूस बसला आहे. पहिल्या दुकानात तो तुम्हाला आपला बिल्ला देतो. पुढच्या दुकानात त्याचाच जोडीदार तो बिल्ला पाहतो आणि वहीत नोंद करतो : या क्रमांकाने मघा खताचे भाव विचारले, आता मधुमेहाचे औषध विचारतो आहे. तुमचे नाव कोणी विचारलेले नाही. बिल्लाही ज्याने दिला त्यालाच दाखवला गेला आहे. तरी वही भरत जाते.

वेबवर नेमके हेच घडले. बातमीच्या पानावर जाहिरातीचे चित्र असते आणि ते दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. चित्राबरोबर त्या कंपनीची कुकीही येते. तीच कंपनी हजारो पानांवर जाहिराती देत असेल, तर तिला हजारो ठिकाणी आपला बिल्ला दिसतो. यालाच तृतीय पक्षाची कुकी म्हणतात.

फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या ‘फायनान्शिअल टाइम्स’ने कुकीवर लेख छापला, तेव्हा सामान्य वाचकाला ती पहिल्यांदा कळली. तोवर ती सव्वा वर्ष लोकांच्या संगणकांत नांदत होती, पण कोणी विचारले नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते.

न बदललेली सेटिंग

येथून पुढचा इतिहास हा कुकीपेक्षा तिच्या सेटिंगचा आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळाने फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचा नियम प्रसिद्ध केला. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक माँटुली होते आणि दुसरे बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टॉल. तृतीय पक्षाच्या कुकी ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत, ज्याला हव्या असतील त्याने त्या चालू कराव्यात, असे त्यात सुचवले होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते मानले नाही. ‘बंद करायच्या तर वाचकाने कराव्यात’ असा उलटा क्रम त्यांनी ठेवला.

वरवर पाहता फरक एका खुणेचा आहे. पण बहुतेक माणसे सेटिंगचे पान कधी उघडतच नाहीत. त्यामुळे आधीपासून जे चालू असते तेच चालू राहते. प्रत्येक कुकीच्या वेळी विचारणा करण्याची सोयही तेव्हाच्या ब्राउझरात होती. ती चालू केली की दर पानाला इतक्या सूचना येत की माणूस कंटाळून ती बंद करी. आजच्या ‘कुकीज स्वीकारा’ पट्टीचेही तसेच झाले आहे. ती पट्टी युरोपच्या २००२ व २००९ सालच्या निर्देशांतून आणि २०१८ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण कायद्यातून आली. चौकोनात आधीच खूण करून ठेवली असेल तर ती संमती नव्हे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला. मुद्दा पुन्हा त्याच एका खुणेचा होता.

ब्राउझर बनवणारेही हळूहळू बदलले. सफारीने मार्च २०२० पासून तृतीय पक्षाच्या कुकी पूर्णपणे अडवल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ओळखीच्या कुकी अडवायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला घेतल्या. गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की दोन वर्षांत क्रोममधून या कुकी जातील. मुदत वारंवार वाढली, जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला गेला आणि निवड वापरणाऱ्यावर आली. गुगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येते हे इथे लक्षात ठेवावे. क्रोममध्ये सेटिंग्ज उघडून ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ या भागात गेले की तृतीय पक्षाच्या कुकी बंद करता येतात. मोबाइलवरही हीच वाट आहे. आयफोनच्या सफारीत अशी बंदी आधीपासूनच असते.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे : ज्या संकेतस्थळावर आपण लॉगिन करतो त्याची स्वतःची कुकी लागतेच, ती नाकारली तर काम होत नाही. जाहिरातवाल्या तिसऱ्याची कुकी नाकारली तर आपले सहसा काही अडत नाही.

एक संगणक, अनेक माणसे

या सगळ्या वादात अमेरिका आणि युरोप यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : एक संगणक म्हणजे एक माणूस. आपल्याकडे हे गृहीतक लागू पडत नाही. लातूर आणि नांदेडला वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी गावोगावची मुले येतात. त्यांचे परीक्षेचे आणि प्रवेशाचे अर्ज नेट कॅफेत भरले जातात. २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली, तेव्हा अनेक शिक्षकांनीही विद्यार्थ्यांची माहिती अशाच संगणकांवर बसून भरली. घरी एक मोबाइल असतो आणि तो वडील, आई आणि दोन भावंडे वापरतात.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एक जण भाचीचा प्रवेशअर्ज भरायला लातुरातल्या एका नेट कॅफेत गेले. संकेतस्थळ उघडताच दुसऱ्याच मुलीचा अर्ज समोर आला. तिचे छायाचित्र, जातीचा दाखला आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम, सारे दिसत होते. पसंतीक्रम बदलताही आला असता. ती मुलगी खिडकी बंद करून गेली होती, लॉगआउट करून नव्हे. तिचा बिल्ला टेबलावरच राहिला होता. आमच्या सहकाऱ्याने लॉगआउट केले आणि मग भाचीचा अर्ज भरला.

कुकी माणसाला ओळखत नाही, ब्राउझरला ओळखते. त्या खुर्चीवर पुढे जो बसेल तो सर्व्हरच्या दृष्टीने तीच मुलगी. म्हणून जाहिरातींचा माग ही आपल्याकडची दुसरी काळजी झाली. पहिली काळजी आहे टेबलावर राहिलेल्या बिल्ल्याची.

लॉगआउट केले की सर्व्हर तो बिल्ला रद्द करतो. नुसती कुकी पुसणे म्हणजे बिल्ला फेकून देणे. खिडकी बंद करणे म्हणजे तर तो तिथेच ठेवून जाणे. त्यामुळे परक्या संगणकावर आधी ‘इनकॉग्निटो’ खिडकी उघडावी. अशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की त्यांतल्या कुकी पुसल्या जातात. तरी काम संपल्यावर लॉगआउट करावेच. ब्राउझरने ‘पासवर्ड जतन करू का?’ असे विचारल्यास नाही म्हणावे. आणखी एक गोष्ट हमखास विसरते : उतरवून घेतलेले प्रवेशपत्र किंवा आधारची प्रत ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच राहते. इनकॉग्निटो ती पुसत नाही, ती आपण पुसायची.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना या कायद्याने, काही अपवाद ठेवून, मनाई केली आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण टेबलावर विसरलेला बिल्ला कोणताही कायदा उचलून देणार नाही.

वर्गात करून पाहा

एका मुलाला ‘सर्व्हर’ करून पाठ फिरवून बसवा. मुले एकेक करून येतील, आवाज न करता चिठ्ठी पुढे करतील आणि एक वस्तू मागणारी दुसरी चिठ्ठी देतील. सर्व्हरने नव्या मुलाला क्रमांक द्यायचा आणि वहीत त्या क्रमांकापुढे मागणी लिहायची. पाच-सहा फेऱ्या झाल्या की दोन मुलांच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या गुपचूप बदला. सर्व्हर एकाची पिशवी दुसऱ्याला देईल आणि त्याला चूक कळणारही नाही. मग मुलांना विचारा : चूक कोणाची झाली? आणि ती होऊ नये म्हणून चिठ्ठीचे काय करायला हवे होते?

उत्तर मुलेच देतील. पुढच्या वेळी अर्ज भरायला जाताना ते त्यांच्या लक्षात राहील.