उरलेल्या भाज्यांचे लोणचे : तेल नव्हे, मीठ आणि आंबटपणा टिकवतो

हिवाळ्यात फ्लॉवर, गाजर, मुळा एकदम बाजारात येतात आणि भाव उतरला की प्रतवारीत बाजूला पडलेला माल बांधावरच राहतो. यातील वाकडी गाजरे, लहान गड्डे, फ्लॉवरचा सोललेला दांडा, फुलोऱ्यावर गेलेल्या मुळ्याच्या डिंगऱ्या किंवा प्लॉट संपताना राहिलेले हिरवे टोमॅटो लोणच्यासाठी चांगले असतात. दिसायला ओबडधोबड असले तरी चालते, मात्र सडके किंवा बुरशी लागलेले काहीही घेऊ नये. सडका भाग कापून उरलेला वापरण्याची सवय लोणच्यात महागात पडते. दुधी, दोडका, काकडी यांत पाणी जास्त असल्याने टिकाऊ लोणच्यासाठी त्या टाळाव्यात. फवारणीनंतरचा प्रतीक्षा कालावधी पूर्ण न झालेला मालही घेऊ नये. आंतरप्रवाही कीटकनाशक धुऊन जात नाही.

लोणचे बिघडते ते बहुधा एका गैरसमजामुळे. वर तेल असले की लोणचे टिकते असे मानले जाते. तेल फक्त हवा अडवते, त्यामुळे बुरशी येत नाही. पण हवा नसलेल्या जागीच बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. त्यांना रोखतो तो आंबटपणा, म्हणजे सामू ४.६ पेक्षा कमी असणे, आणि भरपूर मीठ. कैरी, लिंबू मुळात आंबट असतात. गाजर, फ्लॉवर, लसूण तसे नाहीत, म्हणून त्यांत व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालावाच लागतो. कैरीच्या लोणच्याचे प्रमाण जसेच्या तसे फ्लॉवरला लावू नये.

साफ करून चिरलेल्या १ किलो भाजीसाठी मीठ १५० ग्रॅम, मोहरीची डाळ ५० ग्रॅम, हळद व तिखट प्रत्येकी १५ ग्रॅम, आले २५ ग्रॅम, व्हिनेगर २०० मिलि आणि तेल सुमारे ४०० मिलि घ्यावे. मीठ वजन करूनच घ्यावे, कारण मुठीचा अंदाज माणसागणिक बदलतो.

फ्लॉवरचे तुरे मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात १० मिनिटे ठेवावेत, म्हणजे आतील अळ्या बाहेर पडतात. सर्व फोडी उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवून काढाव्यात, निथळाव्यात आणि स्वच्छ कापडावर पसरून पृष्ठभाग पूर्ण कोरडा होईपर्यंत वाळवाव्यात. ही पायरी घाईत उरकली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. कोरड्या फोडींना मीठ, मसाला व व्हिनेगर चोळून काच किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत दाबून भरावे. पितळ, तांबे, ॲल्युमिनियमची भांडी वापरू नयेत. बरणीला दादरा बांधून चार-पाच दिवस उन्हात ठेवावी व रोज हलवावी. नंतर तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून ओतावे. फोडींच्या वर बोटभर तेल राहिले पाहिजे. वापरताना ते कमी झाले की पुन्हा तापवून गार केलेले तेल घालावे.

रक्तदाबामुळे मीठ कमी करायचे असेल, तर थोडेच लोणचे करावे, व्हिनेगर कमी करू नये, बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि आठवडाभरात संपवावे. असे लोणचे बाहेर ठेवण्याचे नाही.

बुरशी, फसफस, बुळबुळीत फोडी किंवा विचित्र वास आढळल्यास चाखून पाहू नये, बरणी रिकामी करावी. बोटुलिझमचे विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, म्हणून आंबटपणाची काळजी आधीच घ्यायची असते. बचत गटाने विक्रीसाठी लोणचे करताना प्रत्येक घाण्याचा सामू पट्टीने तपासून नोंद ठेवावी. अन्न परवाना किंवा नोंदणीही आवश्यक आहे.

बिघडलेले लोणचे जनावरांना किंवा कोंबड्यांना घालू नये. कोंबड्यांना जास्त मिठाची बाधा लवकर होते. खारट पाणी गांडूळखताच्या बेडवरही टाकू नये, गांडुळे मरतात.