प्रयोगशाळेतून सुटलेला बीगल घरी आणताना

कानाच्या आतल्या बाजूस गोंदलेला एक क्रमांक, एवढीच अनेकदा त्याची ओळख असते. औषधांच्या आणि रसायनांच्या चाचण्यांसाठी वापरले गेलेले बीगल जातीचे कुत्रे जेव्हा मुक्त केले जातात, तेव्हा ते वयाने प्रौढ, पण अनुभवाने जवळजवळ कोरे असतात. फरशीचा पिंजरा, ठरावीक वेळी मिळणारे कोरडे खाद्य आणि हातमोजे घातलेली माणसे यांपलीकडचे जग त्यांतील बहुतेकांनी पाहिलेले नसते. गवतावर पाय ठेवायला ते कचरतात, जिना त्यांना उमगत नाही, डोक्यावर फिरणारा पंखा पाहून कोपऱ्यात दबून बसतात. अशा कुत्र्यांना घर मिळवून देण्याचे काम भारतात प्रामुख्याने स्वयंसेवक करतात. ‘फुकट मिळणारे जातिवंत पिल्लू’ या समजुतीने त्यांच्याकडे जाणाऱ्यांची निराशा होते, आणि ती झालेली बरी.

बीगल ही मूळची इंग्लंडमधील, वासावरून सशांचा माग काढणारी शिकारी जात. खांद्यापर्यंतची उंची साधारण ३३ ते ४१ सेंटीमीटर, वजन दहा-बारा किलोंच्या आसपास, आयुर्मान १२ ते १५ वर्षे. नव्या औषधाची विषाक्तता माणसावर वापरण्यापूर्वी एका कृंतक आणि एका अकृंतक प्राण्यावर तपासण्याची रीत जगभर रूढ झाली, तेव्हा अकृंतक प्राणी म्हणून बीगलची निवड झाली. आकार लहान, अंगावरचे केस आखूड, कळपात राहण्याची सवय ही त्याची कारणे सांगितली जातात. खरे कारण अधिक अवघड आहे. सुई टोचणाऱ्या हाताला हा कुत्रा सहसा चावत नाही. ज्या सौम्य स्वभावामुळे तो प्रयोगशाळेत पोचला, त्याच स्वभावामुळे तो पुढे माणसांच्या घरात राहू शकतो.

भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली केंद्रीय समिती करते, आणि प्रयोगांसंबंधीचे नियम १९९८ मध्ये करण्यात आले. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली होती: पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि यातना कमी करणे. भारताने त्यांत पुनर्वसन हे चौथे तत्त्व जोडले. प्रयोग संपल्यावर प्राण्याची काळजी घेण्याची जबाबदारी संशोधकाची आहे आणि तिचा खर्च संशोधनाच्या खर्चाचाच भाग आहे, असे नियम सांगतात. प्रयोगशाळेतील बीगल कुटुंबाकडे सोपवण्याला कायद्याचा आधार आहे तो हा. दत्तक घेणाऱ्याने तो माहीत करून घ्यावा, कारण हे कुत्रे चोरून किंवा धाड घालून ‘सोडवलेले’ असतात असा गैरसमज अजूनही आढळतो.

या कामाकडे देशाचे लक्ष वेधले ते दोन घटनांनी. २०१२ च्या अखेरीस चीनमधून प्रयोगांसाठी आणलेले ७० बीगल चेन्नईत अडवले गेले, आणि प्राणिमित्र संस्थांच्या प्रयत्नांनी ते प्रयोगशाळेत पोचण्याआधीच कुटुंबांच्या हवाली झाले. ते कोवळ्या वयाचे होते, त्यामुळे घरात रुळणे त्यांना सोपे गेले. बेंगळुरूतील घटना वेगळी होती. तेथे २०१६ मध्ये एका प्रयोगशाळेने शंभराहून अधिक बीगल टप्प्याटप्प्याने मुक्त केले. ते प्रयोगांतून गेलेले, पिंजऱ्यातच वाढलेले कुत्रे होते. त्यांची जबाबदारी ‘क्युपा’ या संस्थेने घेतली. क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी १९९१ मध्ये बेंगळुरूत ही संस्था उभी केली होती. तिच्याशी जोडलेला ‘फ्रीगल्स ऑफ इंडिया’ हा स्वयंसेवकांचा गट प्रयोगशाळेतील बीगलच्या पुनर्वसनासाठी ओळखला जातो. अमेरिकेतही २०२२ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील एका पैदास केंद्रातून सुमारे चार हजार बीगल बाहेर काढून अनेक राज्यांतील संस्थांमार्फत घरोघरी पोचवण्यात आले. तेथेही कणा होता तो स्वयंसेवकांचाच.

स्वयंसेवक काय विचारतात

अर्ज भरला की कुत्रा मिळाला, असे होत नाही. घरात किती माणसे आहेत, दिवसा कोण असते, लहान मुले किती वयाची आहेत, आधीचा कुत्रा आहे का, घर भाड्याचे की मालकीचे, खिडक्यांना जाळी आहे का, असे बारीकसारीक प्रश्न येतात. मग कोणी स्वयंसेवक घर पाहून जातो, ते शक्य नसेल तर दूरध्वनीवरील चित्रसंवादातून फाटक, गॅलरी, गच्ची दाखवावी लागते. हा जाच वाटतो, आणि काही अर्जदार येथेच नाद सोडतात. घरात आधीपासून एखादा शांत कुत्रा असणे ही मात्र जमेची बाजू मानली जाते. कळपात वाढलेला बीगल माणसाकडून शिकण्याआधी दुसऱ्या कुत्र्याकडून शिकतो: पाणी कुठे प्यायचे, लघवीला कुठे जायचे, सोफ्यावर चढले तर काय होते.

कुत्र्याची किंमत घेतली जात नाही. निर्बीजीकरण, लसीकरण किंवा प्रवासाचा खर्च काही ठिकाणी मागितला जातो, आणि त्याची पावती मागण्यात संकोच नसावा. ‘सुटका केलेला बीगल, फक्त गाडीभाडे आगाऊ पाठवा’ असा निरोप आला तर सावध व्हावे. कुत्रा न पाहता, करारपत्र न करता पैसे मागणारा माणूस स्वयंसेवक नसण्याचीच शक्यता अधिक.

कडोदऱ्याचे उदाहरण

स्वयंसेवकांच्या या प्रश्नांमागचे कारण समजून घ्यायचे तर सुरत जिल्ह्यातील कडोदरा हे गाव डोळ्यांसमोर आणावे. पलसाणा तालुक्यातील हे गाव आता कापडगिरण्यांचे औद्योगिक नगर झाले आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि हजिऱ्याहून बारडोली, नवापूर, धुळेमार्गे पूर्वेकडे जाणारा महामार्ग यांना जोडणारी कडोदऱ्याची चौकडी मालमोटारींनी रात्रंदिवस गजबजलेली असते. सुरत परिसरातील गिरण्यांनी आणि यंत्रमागांनी खानदेशातून आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांना आधार दिला. अशा वस्तीतील घर म्हणजे बहुधा भाड्याच्या दोन खोल्या, पाळीची नोकरी आणि दारासमोर थेट रस्ता. अशा घरात प्रयोगशाळेतला बीगल नांदू शकतो का? नांदू शकतो, पण काही गोष्टी आधी जुळवाव्या लागतात.

पहिली गोष्ट रस्त्याची, आणि तीच सर्वांत गंभीर. नवे घर मिळालेल्या बीगलच्या जिवाला पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत मोठा धोका असतो तो पळून जाण्याचा. त्याला त्या घराची ओळख पटलेली नसते, नाव ठाऊक नसते, हाक मारली तर वळायचे असते हेही ठाऊक नसते. मालमोटारीचा कर्कश भोंगा वाजला की तो दिसेल त्या फटीतून निसटतो आणि घाबरलेला बीगल थांबत नाही. महामार्गाला लागून असलेल्या गावात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. म्हणून अनुभवी स्वयंसेवक दुहेरी बंधनाचा आग्रह धरतात: अंगाला बसणारा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा, दोन्हींना स्वतंत्र दोरी. गळ्यातला पट्टा मागे सरकून डोके सहज बाहेर काढता येते, ही गोष्ट बहुतेकांना कुत्रा हरवल्यावरच कळते. दाराच्या आत लाकडी फळीचा किंवा जाळीचा दुसरा अडसर असावा, म्हणजे दूधवाला आला तरी रस्ता मोकळा होत नाही. पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांकाचा बिल्ला पहिल्या दिवसापासून हवा.

दुसरी गोष्ट आवाजाची. दक्षिण गुजरातेत उत्तरायणाला, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला, गच्च्यांवर दिवसभर ध्वनिक्षेपक आणि आरोळ्या चालतात. दिवाळीच्या फटाक्यांचे तर सांगायलाच नको. या सणांच्या तोंडावर कुत्रा घरी आणू नये. तो महिनाभर आधी तरी यावा किंवा सण उलटल्यावर यावा.

पाळीच्या नोकरीचा प्रश्न त्याहून सोपा आहे. दोघे वेगवेगळ्या पाळीत असतील तर घर क्वचितच रिकामे राहते, आणि ही खरे तर सोयच. दोघेही एकाच वेळी दहा-बारा तास बाहेर असतील तर मात्र अर्ज करू नये.

भाड्याच्या घरात मालकाची संमती लेखी घ्यावी. गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तथापि भाडेकरार हा स्वतंत्र विषय आहे आणि तो संपल्यावर कुत्र्यासह दुसरे घर शोधणे किती कठीण असते, हे सुरतेत घर बदललेल्या कोणालाही विचारावे. पाकिटातील कोरड्या खाद्यात बहुधा कोंबडीचे मांस असते. शाकाहारी वसाहतीत याविषयी आधीच बोलून घेतलेले चांगले.

कुत्रा बेंगळुरूहून यायचा असेल तर हजार किलोमीटरहून अधिक अंतर असते. रेल्वेत तो पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातील संपूर्ण आरक्षित कूपेतून किंवा गार्डच्या डब्यातील पेटीतून नेता येतो. पेटीचा प्रवास पिंजऱ्यातून नुकत्याच सुटलेल्या जिवाला देऊ नये. म्हणून स्वयंसेवक बऱ्याचदा मोटारीने, टप्प्याटप्प्याने, एकाकडून दुसऱ्याच्या हाती सोपवत कुत्रा आणतात. उन्हाळ्यात हा प्रवास रात्रीच करावा लागतो. (गोव्यातील वाचकांना हे गणित सोपे आहे. पणजीहून बेंगळुरू एका रात्रीच्या प्रवासावर आहे.)

घरी आल्यानंतर

पहिले तीन दिवस त्याला एकच खोली, एकच अंथरूण आणि कमीत कमी माणसे द्यावीत. नातेवाइकांना पाहायला बोलावू नये, मुलांना त्याला उचलू देऊ नये. प्रयोगशाळेत उचलणे म्हणजे टेबलावर नेणे असते. जमिनीवर बसून, पाठ किंवा कूस त्याच्याकडे करून, हातात खाऊ घेऊन वाट पाहणे हाच उपाय चालतो, आणि त्याला कधी तास लागतो, कधी पंधरवडा. मलमूत्राची शिस्त लहान पिल्लाप्रमाणेच शिकवावी लागते. जेवणानंतर, झोपेतून उठल्यावर, दर दोन तासांनी बाहेर. घरात चूक झाली म्हणून मारले तर तो फक्त लपून करायला शिकतो.

खाण्याची हाव ही या जातीची जुनी खोड. पोळी, भात, शेवेची पुडी, कचऱ्याची बादली, काहीही वर्ज्य नसते आणि वजन झपाट्याने वाढते. द्राक्षे, मनुका, कांदा आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत, हे घरातील प्रत्येकाला, विशेषतः आजीला, सांगून ठेवावे. लोंबत्या कानांमुळे कानात संसर्ग होतो, म्हणून आठवड्यातून एकदा कान पाहावेत. अपस्मार आणि थायरॉइडची मंदता या जातीत आढळते. त्यामुळे प्रयोगशाळेकडून मिळालेली आरोग्याची कागदपत्रे स्वयंसेवकांकडून मागून घ्यावीत आणि स्थानिक पशुवैद्याला दाखवावीत. त्यांत कोणते द्रव्य दिले गेले हे बहुधा लिहिलेले नसते. लसीकरण, रक्ततपासण्या आणि निर्बीजीकरण यांची नोंद तरी असावी. दरवर्षीची रेबीजची लस, पावसाळ्यापूर्वी लेप्टोस्पायरोसिसची लस आणि बारमाही गोचीडनिवारण यांत हयगय करू नये. गोचिडांतून होणारा ताप पिंजऱ्याबाहेर पहिल्यांदा आलेल्या कुत्र्याला लवकर गाठतो.

नाहीच जमले तर? करारपत्रात बहुधा एक कलम असते: कुत्रा विकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, तो स्वयंसेवकांकडेच परत करायचा. हे कलम काही कुटुंबांना अपमानास्पद वाटते. वस्तुतः ती त्यांचीच सोय आहे. मूल आजारी पडले, गिरणी बंद पडली, गावी परतावे लागले, तर कुत्रा महामार्गाच्या कडेला सोडण्याची पाळी येत नाही. परत करताना लाज बाळगू नये आणि फार उशीरही करू नये.

पुष्कळ बीगल पहिले काही आठवडे तोंडातून आवाजच काढत नाहीत. शेजारी कौतुक करतात, किती शहाणा कुत्रा आहे म्हणून. मग एखाद्या दिवशी गल्लीतून मांजर जाते आणि तो मान वर करून बीगलचा तो लांबलचक, शिंगासारखा सूर लावतो. घरच्यांना त्या दिवशी आनंद होतो. शेजाऱ्यांना मात्र तो सूर येणार आहे, हे आधीच सांगून ठेवलेले असावे.