पितळेचें इंजिन



आमच्या चिंचवडच्या शाळेंत विज्ञानाच्या कपाटांत पितळेचें एक लहान इंजिन होतें. लांबी सुमारें दीड वीत. अंगावर काळसर हिरवा रंग, कडेनें बारीक तांबड्या रेघा, आणि चालकाच्या खोपटाच्या बाजूस कोणीं तरी नाजूक हातानें लिहिलेला एक आंकडा. तें शाळेस कोणीं दिलें याची नोंद दप्तरांत नव्हती. मीं तें प्रथम पाहिलें तेव्हां त्याचें एक चाक निखळलें होतें, धुराडें वांकलें होतें व रंगाचे पोपडे निघत होते. त्या इंजिनाच्या निमित्तानें आज चार शब्द बोलणार आहें. त्यांत थोडा इतिहास आहे, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीहि आहे.

हिंदुस्थानांतील पहिली प्रवासी आगगाडी ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली, हें आपण लहानपणीं पाठ केलेलेंच आहे. परंतु आमच्या मावळ-हवेलीच्या मुलखांत लोहमार्ग केव्हां आला, हें येथील पुष्कळांस ठाऊक नसतें. ता. १४ जून १८५८ रोजीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा खंडाळा ते पुणें हा भाग खुला झाला. गंमत अशी कीं, त्या वेळीं बोरघाटांतील काम अपुरेंच होतें. मुंबईचा उतारू घाटाच्या पायथ्याशीं गाडींतून उतरे, पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं घाट चढे आणि खंडाळ्यास पुनः गाडींत बसे. घाटांतून लोहमार्गच नव्हता, त्या अर्थीं आमच्या बाजूस धांवलेलीं पहिलीं इंजिनें सडकेनेंच वर चढवावीं लागलीं असलीं पाहिजेत. बोगदे खोदून घाटाचा मार्ग पुरा झाला तो १८६३ सालच्या एप्रिल महिन्यांत. पुढें १९३० च्या सुमारास या मार्गावर विजेचीं इंजिनें आलीं, ता. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली डेक्कन क्वीन विजेच्याच बळावर घाट चढली. पिंपरीस सरकारी पेनिसिलिनचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला, तेव्हां मुंबईच्या गाड्यांपुढील वाफेचें इंजिन मागें पडूं लागून पाव शतक होत आलें होतें. त्यानंतर जमलेल्या कामगारवस्तीच्या मुलांना वाफेचें इंजिन जवळून दाखवावयाचें, तर तें कपाटांतलेंच!

इंजिनाची रचना समजावून देतांना मला घरांतील बंबाचा फार उपयोग होई. बंबाच्या मधून जाळाची एक नळी जाते व भोंवतीं पाणी असतें. इंजिनांत अशा एका नळीऐवजीं शंभरावर बारीक नळ्या आडव्या बसविलेल्या असतात. वाफ बाहेर न सोडतां कोंडून दट्ट्यावर आणतात, आणि दट्ट्याची पुढेंमागें होणारी गति दांड्याच्या योगानें चाकास फिरविते. मोठ्या इंजिनाचें अंग लोखंड-पोलादाचें. पितळ दिसे ती घुमटाच्या टोपणावर, शिटीवर, तोट्यांवर आणि नांवाच्या पट्टीवर. लहान प्रतिकृतींत मात्र बहुतेक सारें अंगच पितळेचें करतात. पितळ म्हणजे सामान्यतः दोन भाग तांबें व एक भाग जस्त. तिचा पातळ पत्रा कापतां-वांकवितां येतो, लेथवर ती सुबक उतरते, कथील-शिशानें सहज झाळतां येते, आणि लोखंडासारखा गंज तिला चढत नाहीं.

हा छंद जवळजवळ रेल्वेइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत स्पिरिटच्या दिव्यावर चालणारीं पितळी इंजिनें मुलांसाठीं विकलीं जात. तीं जमिनीवर पाण्याची रेघ ओढीत जात, म्हणून लोक त्यांना थट्टेनें गळकीं म्हणत. १८९१ सालीं जर्मनींतील मेर्क्लिन मंडळीनें खेळण्यांतील रुळांचीं ठराविक मापें बाजारांत आणलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी व पुढें कोरियन कारागिरांनीं अमेरिकेंतील शौकिनांसाठीं हातांनीं जुळविलेलीं पितळी इंजिनें पाठविलीं. त्यांतील पुष्कळशीं नुसत्या पारदर्शक रोगणांत, रंगाविना येत. रंग ज्याचा त्यानें द्यावयाचा. त्यामुळें अशा इंजिनास रंग देणें ही एक स्वतंत्र कला होऊन बसली.

मराठी घराण्यांत या नादाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ग्वाल्हेरचें. मूळ साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या शिंद्यांपैकीं माधवराव महाराजांनीं (१८७६-१९२५) राज्यांत दोन फुटी रुळांची रेल्वे चालविली. जयविलास राजवाड्यांत जेवणाच्या मेजावर तर चांदीची गाडी फिरे. पाहुण्यानें डब्यांतील सुरई उचलली कीं गाडी थांबे, परत ठेवली कीं चालूं लागे. ती गाडी आजहि तेथील संग्रहालयांत पाहावयास मिळते.

येथें एक त्रैराशिक सांगतों. लोकप्रिय प्रतिकृतींचें प्रमाण ८७ स १, आणि त्यांच्या रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. हें अंतर यूरोप-अमेरिकेंतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाशीं बरोबर जुळतें. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्यास ८७ नें भागिलें तर सव्वाएकोणीसच्या वर येतात. म्हणजे आपलें इंजिन बाजारी रुळांवर चालवावयाचें तर पावणेतीन मिलिमीटरांचें खोटें बोलावें लागतें!

आतां माझ्या चुकीकडे वळतों. एके वर्षीं स्नेहसंमेलनांत तें इंजिन मांडावें असें माझ्या मनांत आलें. चिंचवडास चिंचेचा काय तोटा? मुलांकडून चिंच आणविली, चाकूनें जुना रंग खरवडून काढला आणि इंजिन रात्रभर चिंचेच्या पाण्यांत बुडवून ठेविलें. सकाळीं त्यावर गुलाबी झांक आलेली पाहून आम्हीं आनंदलों. आंबटानें वरवरचें जस्त खाल्लें आणि तांबें उघडें पडलें, हें कोणाच्या ध्यानांत येणार? चाक झाळण्याकरितां मीं तें शेगडीवर धरिलें, तों धुराड्याचा सांधा सुटला व कठडा गळून पडला. शेवटीं दाराखिडक्यांच्या तेलरंगाचा एक जाड हात दिला. पावसाळ्यांत सांध्यासांध्यांतून हिरवा कळंक बाहेर आला आणि रंग फुगून सुटला.

पुढें पिंपरींतील कारखान्यांतून निवृत्त झालेले एक टर्नर शाळेंत आले. इंजिन हातांत घेऊन त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, "गुरुजी, यावर नंबर काय होता?" मी निरुत्तर झालों. आंकडा मीं शंभरदां पाहिला होता, एकदांहि लिहून घेतला नव्हता. नंबर असता तर तें कोणत्या इंजिनावरून केलें, कोणत्या मार्गावरचें, याचा माग लागला असता. जन्मभर मीं मुलांना ताम्रपट व शिलालेख जपावे म्हणून सांगितलें, आणि माझ्याच कपाटांतला लेख मीं चाकूनें खरवडला.

त्या गृहस्थांनीं इंजिन नीट केलें, तें पाहण्यासारखें होतें. प्रथम त्यांनीं प्रत्येक भागाचें चित्र काढून मापें टिपलीं. रंग खरवडला नाहीं, द्रवांत भिजवून मऊ केला व मऊ ब्रशानें उतरविला. आंबट पूर्ण जाईपर्यंत इंजिन पुनः पुनः धुतलें. झाळतांना शेजारच्या सांध्यांस ओलें फडकें गुंडाळलें. कारण, पितळ वितळावयास नऊशें अंशांहून अधिक उष्णता लागते, पण नेहमींची झाळ दोनशें अंशांच्या आंतच पाघळते. धुतल्यावर उघड्या बोटानें त्यास शिवूं दिलें नाहीं. बोटाचें तेल लागलें कीं रंग धरत नाहीं. मग धातूस घट्ट बसणारें अस्तर, तें वाळल्यावर हवेच्या फवाऱ्यानें रंगाचे पातळ हात, तांबड्या रेघा, आणि शेवटीं रोगण. चाकांच्या कडा, आंस व दट्ट्याचे दांडे मात्र कोरे ठेविले.

पुण्यास कोथरूडांत कै. भाऊसाहेब जोशी यांनीं आयुष्यभराच्या छंदांतून उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून आहे. मुलांना तेथें अवश्य न्यावें. आणि आपल्या घरीं वा शाळेंत अशी एखादी जुनी वस्तु असेल, तर साफ करण्यापूर्वीं तिच्यावरील प्रत्येक अक्षर व रेघ उतरून घ्यावी. पिंपरीपासून चाकणपर्यंत कुशल हातांची वाण नाहीं. पण पुसलेलें अक्षर कोणताहि हात परत आणूं शकत नाहीं.

आमचें इंजिन आज कपाटांत दिमाखानें उभें आहे. त्याच्या रिकाम्या बाजूवर अंदाजानें एखादा आंकडा घालावा, असें कित्येकांनीं सुचविलें. मीं घालूं दिला नाहीं. कधीं शाळेंत गेलों कीं मुलें विचारतात, "गुरुजी, ह्याला नंबर कां नाहीं?" मग मी त्यांना घडलें तें सारें सांगतों.