दोन मिनिटांचे आकाश

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, पेंटलंडच्या खवळत्या सामुद्रधुनीच्या पैलतीरी ऑर्कनी नावाचा जो द्वीपसमूह आहे, त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या धावपट्ट्यांमधील हवाई अंतर अवघे 2.7 किलोमीटर, आणि वेळापत्रकात त्या प्रवासास नेमून दिलेला अवधी दोन मिनिटांचा; जगातील नियमित विमानसेवांत याहून आखूड उड्डाण दुसरे नाही. वारा पाठीशी असता हे अंतर एकदा 53 सेकंदांतही तुटले आहे, आणि त्या विक्रमाचा डंका सर्वत्र वाजला. मला मात्र ज्या चौतीस वर्षांनी हे उड्डाण शक्य केले, त्यांचा इतिहास अधिक मोलाचा वाटतो.

पूर्वी या बेटांचा बाह्य जगाशी सारा व्यवहार नौकांच्या हवाली होता. वादळ उठले की टपाल, वृत्तपत्र आणि वैद्य यांची वाट पाहण्यावाचून रयतेला गत्यंतर नसे. 8 मे 1933 रोजी, पहिल्या महायुद्धात विमान चालवलेले कॅप्टन फ्रेसन यांनी आपल्या 'हायलंड एअरवेज'तर्फे इनव्हरनेसहून विकमार्गे ऑर्कनीतील कर्कवॉलला नियमित विमान सुरू केले. आणि पुढील वर्षी, 29 मे रोजी, टपालखात्याने त्यांच्याच विमानातून पत्रे धाडली, तीही जादा हशील न घेता, नेहमीच्याच दरात. ब्रिटनच्या देशांतर्गत टपालात हा पहिलाच दाखला होय. आडवाटेच्या बेटावर राहणाऱ्याने राजधानीतल्या माणसाइतकेच मोल द्यावे, ही त्या निर्णयामागची न्यायबुद्धी मला फार थोर वाटते. विमानतळ बांधून मिळतील तेव्हा पाहू, असे म्हणत फ्रेसन बसले नाहीत. शेतकऱ्यांची गुरे चरत ती कुरणे पाहून, जमिनीचा उतार आणि वाऱ्याची दिशा अजमावून, त्यांनी उत्तरेकडील बेटांवर विमान उतरवण्याची तजवीज केली.

दुसऱ्या महायुद्धाने ही आंतरद्वीपीय सेवा खंडित झाली. ती 1967 साली पुन्हा उभी केली 'लोगनएअर'ने. या कंपनीचे संस्थापक विली लोगन मात्र आदल्याच वर्षी विमान अपघातात निवर्तले होते. आखूड, ओबडधोबड पट्टीवरही उतरू शकणारे 'आयलंडर' हे दोन पंख्यांचे छोटे विमान तेव्हा नुकतेच तयार झाले होते, आणि ते या मुलखाला अंगच्या कपड्यासारखे बसले.

त्यात जेमतेम आठ प्रवासी मावतात. सहवैमानिक नसल्याने त्याच्या आसनावर एखादा प्रवासीच बसतो. सुरक्षेच्या सूचना वैमानिक स्वतः मागे वळून सांगतो. आणि पट्टे आवळून होतात न होतात तोच धावपट्टी मागे पडून खाली खडक, फेसाळ पाणी आणि समोर दुसरी धावपट्टी दिसू लागते. शिक्षक, वैद्य आणि पाच हजार वर्षांहून जुनी नॅप ऑफ हॉवरची दगडी घरे पाहण्यास निघालेले अभ्यासक याच आसनांवर शेजारी शेजारी बसतात.

नावेने हाच पल्ला सुमारे 25 मिनिटांचा. धुके उतरले की विमान कर्कवॉललाच थांबून राहते, आणि ज्यांना जायचेच आहे ते लोक सामान उचलून, पूर्वजांप्रमाणे, धक्क्याची वाट धरतात.