प्रिंटरला कागद कसा कळतो?

मंडळाच्या कार्यक्रमपत्रिका छापायला घेतल्या की नेमका तेव्हाच प्रिंटर 'पेपर जॅम' म्हणून थांबतो. आतली रचना माहीत असेल तर हे बऱ्याचदा घरीच सोडवता येते. ही माहिती मुख्यतः लेझर प्रिंटरची आहे.

ट्रे
ट्रेमधल्या गठ्ठ्यावर पिकअप रोलर हे रबरी चाक टेकते. रबर आणि कागद यांतले घर्षण दोन कागदांमधल्या घर्षणापेक्षा जास्त असते, म्हणून वरचा कागद पुढे सरकतो. त्याच्याबरोबर दुसरा आलाच तर सेपरेशन पॅड त्याला अडवते. रोलरवर धूळ बसली की कागद उचलला जात नाही. पॅड झिजले की दोन-दोन कागद जातात.

सेन्सर
कागदाच्या वाटेत प्लास्टिकची छोटी पट्टी असते, तिला फ्लॅग म्हणतात. कागदाच्या धक्क्याने ती फिरते आणि तिचे दुसरे टोक इन्फ्रारेड किरणाच्या आड येते किंवा बाजूला होते. त्यावरून प्रिंटरला 'कागद आहे' किंवा 'नाही' एवढेच कळते. बाकी सारे तो घड्याळावरून ठरवतो. कागद ठरलेल्या वेळात पोचला नाही किंवा पुढे गेला नाही, की जॅम! म्हणूनच फ्लॅगपाशी कागदाचा कपटा राहिला तरी तोच संदेश दिसतो.

लेटर की ए४?
भारतातून आलेली फाईल बहुधा ए४ (२१० × २९७ मिमी) असते आणि इथे अमेरिकेत ट्रेमध्ये लेटर (२१६ × २७९ मिमी). अशा वेळी प्रिंटर ए४ मागत थांबू शकतो. बिघाड काहीच नसतो. छापताना लेटर आणि 'फिट टू पेज' निवडावे. 'ऑफिस स्पेस' (१९९९) या चित्रपटामुळे गाजलेला 'पीसी लोड लेटर' हा संदेशही एवढेच सांगतो, की पेपर कॅसेटमध्ये लेटर कागद घाला.

काय करावे?
१. प्रिंटर बंद करून थंड होऊ द्यावा. आतला फ्यूजर खूप तापलेला असतो.
२. अडकलेला कागद शक्यतो त्याच्या जाण्याच्या दिशेनेच, दोन्ही हातांनी सावकाश ओढावा.
३. फाटल्यास तुकडे जुळवून पाहावेत. एखादा कमी असेल तर तो आतच आहे.
४. पिकअप रोलर किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून वाळू द्यावा.
५. गठ्ठा फडफडवून ठेवावा. ट्रेच्या बाजूच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकाव्यात; सैल असतील तर कागद तिरका जातो, घट्ट असतील तर वाकतो.

एवढे करूनही जॅम होतच राहिला, तर रोलर आणि पॅड बदलायची वेळ आली असे समजावे.