साठ मिनिटांचे वर्तुळ

१/ १९५३ साली अमेरिकेने नियम केला : दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाने जवळच्या विमानतळापासून, एका इंजिनावर साठ मिनिटांत गाठता येईल त्याहून दूर जाऊ नये. पिस्टन इंजिने तेव्हा वारंवार बंद पडत. भीती निराधार नव्हती.

२/ परिणामी अटलांटिकवरील सरळ मार्ग तीन-चार इंजिनांच्या विमानांकडे राहिले. जेट इंजिने कितीतरी भरवशाची ठरली, तरी नियम टिकून होता.

३/ फेब्रुवारी १९८५ मध्ये टीडब्ल्यूएचे बोइंग ७६७ बोस्टनहून पॅरिसला गेले, १२० मिनिटांच्या परवानगीने. १९८८ मध्ये १८० मिनिटांना मान्यता मिळाली.

४/ ही मुभा सशर्त होती. नियोजक पर्यायी विमानतळांभोवती वर्तुळे आखतो. मार्ग त्यांच्या आतच राहतो. तेथील हवामान पाहिले जाते. इंजिनासह केबिनचा दाबही गेला तरी पुरेल इतके इंधन घेतले जाते.

५/ २४ ऑगस्ट २००१. टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए-३३० मध्ये इंधनगळती झाली. वैमानिक अझोर्स बेटांवरील लाजेसकडे वळले. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. एका इंजिनाचा हिशेब तेथे संपला होता. धावपट्टी मात्र आवाक्यात होती. विमान तरंगत उतरले. सर्व ३०६ जण वाचले.